जुन्या आउटबोर्डमधून ऑइल गळतंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सेकंड हँड आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायची मोटर, घेतली की महिना दोन महिन्यांत एक ना एक जण विचारतोच, अरे पंख्याजवळ (प्रोपेलरजवळ) तेल दिसतंय, काय करू. मी मालवणकडचा, गेली बरीच वर्षं स्वतःच्या मोटरी स्वतःच खोलतो, आणि तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळं एकाच ठिकाणी लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो, पाना हातात घ्यायच्या आधी गळणारं तेल नक्की कुठलं आहे ते शोधा, कारण आउटबोर्डमध्ये तीन चार वेगवेगळी तेलं असतात आणि त्यातलं एकच, गिअर ऑइल, असं आहे की ज्याच्याकडे दुर्लक्ष केलंत तर अख्खा गिअर बॉक्स जातो.

होडीच्या मागे पाण्यावर रंगीत तवंग येतो, म्हणजे लीक आहेच का?

टू-स्ट्रोक असेल तर नाही, लगेच घाबरू नका. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिक्स असतं आणि बहुतेक मोटरींचा धूर पंख्याच्या मधल्या भागातून पाण्यात सुटतो, त्यामुळे न जळलेलं थोडं तेल त्याच्याबरोबर बाहेर येणारच. थंड मोटर चालू केली, जाळं टाकताना तासभर स्लोवर ठेवली, मिक्समध्ये ऑइल जास्त पडलं, की तवंग वाढतो. मोटर वर उचलून ठेवली की पंख्याच्या मधून काळं पातळ पाणचट तेल ठिबकतं ते पण हेच, काजळी आणि ऑइल. पुसून टाका आणि मिक्सचं प्रमाण मोजून घ्या. बऱ्याच मोटरींना ५० लिटर पेट्रोलला १ लिटर ऑइल लागतं, काही मॉडेलना १०० ला १ चालतं, तुमच्या मोटरच्या पुस्तकात जे असेल ते धरा, आणि ऑइल टीसी-डब्ल्यू-३ लिहिलेलंच घ्या, मोटरसायकलचं टू-टी नको.

फोर-स्ट्रोकच्या मागे तवंग येत असेल तर मात्र तपासायला हवं, तिथे ऑइल पेट्रोलमध्ये जातच नाही.

मग कुठलं तेल आहे ते ओळखायचं कसं?

बोटावर घ्या, वास घ्या, आणि पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका. गिअर ऑइल जाड, चिकट, बोट उचललं की तार धरतं, आणि वास गंधकासारखा उग्र, एकदा नाकात बसला की विसरत नाही. मिक्सचं ऑइल बहुतेक निळसर किंवा हिरवट असतं आणि पेट्रोलचा वास येतो, कागदावरचं पेट्रोल उडून जातं आणि मागे फिकट गोल डाग राहतो. फोर-स्ट्रोकचं इंजिन ऑइल तपकिरी नाहीतर काळं, गाडीच्या ऑइलसारखंच. मोठ्या मोटरींना बटणावर वर खाली होणारा हायड्रॉलिक टिल्ट असतो, त्याचं तेल पातळ, पुष्कळ वेळा लालसर, आणि ते मोटरच्या पुढच्या बाजूला ब्रॅकेटच्या मध्ये दिसतं.

घोळ एकाच ठिकाणी होतो, पंख्याजवळ. काजळीचं तेल पण तिथेच येतं आणि पंख्याचं सील गेलं तर गिअर ऑइल पण तिथेच येतं. नुसतं बघून ठरवू नका, गिअर ऑइलची लेव्हल बघा. गिअर बॉक्सला तेलाचे दोन स्क्रू असतात, एक वर एक खाली, त्यातला वरचा काढल्यावर तेल भोकाच्या काठाला नसेल तर ते कुठेतरी गेलेलं आहे.

आणि बघायच्या आधी मोटर धुवा. आधीच तेलकट चिखलाने माखलेल्या मोटरवर लीक शोधण्यात काही अर्थ नाही. साबण, ब्रश, थोडं डिझेल लावून पुसा, मग गोड्या पाण्याने धुवून कोरडी करा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारा आणि खाली पुठ्ठा ठेवून रात्रभर उभी ठेवा. सकाळी पावडर जिथे सगळ्यात वर ओली झालीय ती लीकची जागा, तेल खाली ओघळतं म्हणून खालचा डाग फसवतो.

गिअर ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं निघालं, काय झालंय?

पाणी शिरलंय. थोडंच असेल तर तेल नुसतं धुरकट दिसतं, जास्त असेल तर चहासारखं किंवा राखाडी लस्सीसारखं. मोटर रात्रभर उभी असेल आणि खालचा स्क्रू हळूच सैल केला तर आधी नुसतं पाणी पण येतं, कारण पाणी जड, ते तळाला बसतं.

लोक म्हणतात थोडं तेल गळतंय ना, वर घालत राहू. मला इथे खरंच कळकळीने सांगायचंय की तसं करू नका. ज्या वाटेने तेल बाहेर जातं त्याच वाटेने पाणी आत येतं. मोटर चालते तेव्हा गिअर बॉक्स गरम होतो, आतला दाब वाढतो, तेल बाहेर ढकललं जातं, आणि मोटर बंद करून ती तशीच पाण्यात थंड झाली की आतला दाब कमी होऊन ती पाणी ओढून घेते. आणि आपलं पाणी खारं. बेअरिंगला गंज लागायला जास्त दिवस लागत नाहीत, मोटर आठवडाभर उभी राहिली तरी लागतो. सील दोनच, किंमत किरकोळ, पण बेअरिंग आणि गिअर गेले की तो खर्च जुन्या मोटरच्या किमतीच्या बराच जवळ जातो.

लीक जास्त करून कुठून असतो?

गिअर बॉक्सला तेल अडवणाऱ्या जागा मोजक्याच आहेत. खालचा आणि वरचा स्क्रू, पंख्याच्या शाफ्टचं सील, बेअरिंग कॅरिअरची (शाफ्टभोवतीच्या गोल डब्याची) रबरी ओ-रिंग, वरून येणाऱ्या उभ्या शाफ्टचं सील जे वॉटर पंपाच्या खाली बसतं, आणि गिअर टाकायच्या रॉडचं छोटं सील. या क्रमाने तपासा, सोप्याकडून अवघडाकडे.

आमच्या किनाऱ्यावर मी सगळ्यात जास्त काय बघितलं असेल तर पंख्याच्या मागे अडकलेली तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा. पाण्यात सुटलेला तंगुसाचा तुकडा पंख्याला गुंडाळतो, फिरत फिरत पंख्याच्या मागे शाफ्टवर जातो आणि तिथे सीलच्या ओठात घुसून तो कापतो. बाहेरून काहीच दिसत नाही. मी घेतलेल्या एका १५ एचपी जुन्या मोटरला देणाऱ्याने आदल्या दिवशी नवीन गिअर ऑइल घातलेलं होतं, एकदम मधासारखं स्वच्छ, बघून बरं वाटलं. पंधरा दिवसांनी सहज काढलं तर राखाडी. पंखा काढला तर मागे तंगुसाचा घट्ट कडक गोळा झालेला, वितळून एकजीव झाल्यासारखा, आणि दोन्ही सील कापलेली. तेव्हापासून दर महिन्याला पंखा काढून बघतो, पाच मिनिटांचं काम आहे.

नुसत्या स्क्रूमधून पण लीक होतो का?

हो, आणि खूप वेळा तेवढंच असतं. दोन्ही स्क्रूंच्या खाली छोटा वॉशर असतो, तो एकदा दाबला गेला की परत नीट बसत नाही, म्हणून तेल बदललं की वॉशर नवीन. जुना वॉशर भोकाच्या आत चिकटून राहतो आणि त्याच्यावर दुसरा बसवला जातो, सेकंड हँड मोटरमध्ये हे खास बघा. वॉशर नाही म्हणून कोणी टेफ्लॉन टेप गुंडाळलेली असते, ती काढून टाका.

स्क्रू काढताना एक सांभाळा. काही जुन्या मॉडेलमध्ये ऑइलच्या स्क्रूच्या जवळच आणखी एक फुलीच्या खाचेचा स्क्रू असतो, तो गिअर बदलायच्या आतल्या कडीचा असतो, तो चुकून काढलात तर आतली कडी सुटते आणि गिअर बॉक्स खोलावा लागतो. शंका असेल तर पुस्तकातलं चित्र बघा. खालच्या स्क्रूला बऱ्याचदा लोहचुंबक असतो, त्याच्यावर राखाडी बारीक पेस्ट चालते, पण चमचमणारे तुकडे किंवा गिअरच्या दातांचे टवके असतील तर सील बदलून भागणार नाही.

प्रेशर टेस्ट घरी करता येते का?

येते आणि करायलाच पाहिजे, नाहीतर आपण अंदाजाने सील बदलत बसतो. तेल पूर्ण काढा, खालचा स्क्रू नवीन वॉशर घालून बंद करा. एक जादा जुना स्क्रू घ्या, त्याला मधून आरपार भोक पाडून एका छोट्या नळीचा निप्पल बसवून घ्या, लेथवाला करून देतो, आणि तो वरच्या भोकात लावा. त्याला मीटरवाला पायपंप जोडा. मी १० पीएसआयपर्यंतच भरतो, कॉम्प्रेसर डायरेक्ट लावू नका, दाब चढला तर चांगलं सील पण उलटून खराब होतं.

हवा भरून पंप बंद केला की काटा हलता कामा नये. पाच दहा मिनिटं बघा. मग पंख्याचा शाफ्ट हाताने फिरवा, थोडा बाजूला ओढा, गिअर रॉड हलवा, कारण काही सील शाफ्ट एका जागी असताना धरतात आणि फिरवला की सोडतात. काटा उतरला तर साबणाचं पाणी ब्रशने लावा, किंवा लोअर युनिट, म्हणजे गिअर बॉक्सचा अख्खा खालचा भाग, उतरवलेलं असेल तर सरळ पाण्याच्या पिंपात बुडवा, बुडबुडे कुठून येतात ते स्वच्छ दिसतं. उभा शाफ्ट फिरवायचा तर वरून बघून घड्याळाच्या दिशेनेच फिरवा, उलटा फिरवला तर इम्पेलरची, म्हणजे वॉटर पंपातल्या रबरी चक्राची, पाती उलटी वळतात.

जमलं तर उलटी टेस्ट पण करा, म्हणजे हवा ओढून. सीलच्या ओठाची दिशा अशी असते की एखादं सील आतून दाब धरतं पण बाहेरून पाणी सोडतं. दुचाकीच्या ब्रेकचं तेल काढायचा हाताचा व्हॅक्यूम पंप असतो तो चालतो, थोडासाच ओढ द्या.

पंख्याचं सील मी स्वतः बदलू शकतो का?

पुली-पुलर हाताळायची सवय असेल तर हो. पहिलं काम, स्पार्क प्लगच्या वायरी काढा, मगच पंख्याला हात लावा. मोटर न्यूट्रलला असली तरी काढा.

कॉटर पिन सरळ करून काढा, नट सोडवा, पंखा मागे ओढा, मागची थ्रस्ट वॉशर कुठल्या तोंडाने होती ते लक्षात ठेवा. मोबाईलवर प्रत्येक पायरीचा फोटो काढत जा, मी अजूनही काढतो. मग बेअरिंग कॅरिअर, म्हणजे शाफ्टच्या भोवतीचा गोल डबा, तो काही मोटरींना दोन बोल्टनी धरलेला असतो आणि काहींना मोठ्या खाचांच्या रिंगने. खाऱ्या पाण्यात राहिलेल्या मोटरवर खरी लढाई इथेच असते, स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमची बॉडी खाऱ्या पाण्यात एकमेकांना धरून बसतात, पांढरी पूड दिसते ना ती हीच. जोर लावून बोल्ट तोडू नका. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी पुन्हा मारा, बोल्टच्या भोवतीची बॉडी हीट गनने गरम करा, आणि थोडा घट्ट थोडा सैल असं हलवत काढा. पेट्रोल जवळ असताना उघडी ज्योत नको, आणि ज्योतीने आतली रबरी सीलं सगळी जळतात.

कॅरिअर पुलरने सरळ ओढून काढा, हातोड्याने एका बाजूने ठोकलात तर तो तिरका अडकतो. आत बहुतेक दोन सील पाठोपाठ असतात. काढायच्या आधी तोंडं कुठल्या बाजूला आहेत त्याचा फोटो, काही मॉडेलमध्ये दोन्ही बाहेर तोंड करून, काहींमध्ये पाठीला पाठ. नंबर सीलवर छापलेला असतो. मी ओरिजिनलच घेतो, साध्या बेअरिंगच्या दुकानात त्याच मापाचं मिळतं पण स्प्रिंग साध्या स्टीलची असेल तर खाऱ्या पाण्यात गंजते.

बसवताना सीलच्या बाहेरच्या कडेएवढ्याच मापाचा सॉकेट ठेवून सरळ दाबत न्या, ओठांना मरीन ग्रीस लावा, दोन सीलच्या मधली जागा पण ग्रीसने भरा. कॅरिअरची ओ-रिंग नवीन, तिला पण ग्रीस. कॅरिअरच्या बाहेरच्या कडांना आणि बोल्टना मरीन ग्रीस लावा म्हणजे पुढच्या वेळी बोल्ट सुटतील. पंखा लावताना स्प्लाइनला (शाफ्टवरच्या उभ्या खाचांना) ग्रीस, कॉटर पिन नवीन.

शाफ्टवर सील बसतं तिथे खाच पडलीय, नवीन सील लावून उपयोग होईल का?

नख फिरवून बघा. नखाला नुसतं जाणवतं, अडकत नाही, तर बारीक पॉलिश पेपर शाफ्टभोवती गोल फिरवून, लांबीच्या दिशेने नाही, गुळगुळीत करा आणि सील बसायच्या खोबणीत जागा असेल तर अर्धा एक मिलिमीटर कमी खोल बसवा म्हणजे ओठ नव्या जागेवर येतो. नख अडकतं, गंजाचे खड्डे आहेत, तर नवीन सील महिनाभर पण टिकणार नाही. वरून बसवायची पातळ स्टीलची स्लीव्ह मिळते त्या मापाची, नाहीतर शाफ्ट.

टेस्टमध्ये लीक वॉटर पंपाच्या खालून आला, मग?

मग लोअर युनिट उतरवावं लागेल, पण तेवढं काही अवघड नाही, आणि इम्पेलर पण त्याच वेळी बदलून होतो. गिअर रॉडचा जोड सोडवताना मोटर कुठल्या गिअरमध्ये होती ते लिहून ठेवा, परत चढवताना त्याच गिअरमध्ये. उभ्या शाफ्टच्या स्प्लाइनच्या बाजूंना ग्रीस लावा पण वरच्या टोकावर गोळा ठेवू नका, तिथे ग्रीस कोंडली की शाफ्ट पूर्ण वर बसत नाही आणि मग जोर लावून बोल्ट आवळले की नुकसान होतं.

फोर-स्ट्रोक आहे, कव्हरच्या आत खालच्या ताटात तेल साचतं.

वरून खाली शोधत या. व्हॉल्व्ह कव्हरची पॅकिंग, ऑइल प्रेशरचा स्विच, ऑइल फिल्टर, ड्रेन बोल्टचा वॉशर. फिल्टर बदलताना जुन्याची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली आणि नवा त्याच्यावर बसवला की हमखास गळतो.

पण त्याआधी लेव्हल बघा, मोटर सरळ उभी करून, टिल्ट केलेल्या मोटरची ऑइल मोजायची पट्टी खोटं सांगते. ऑइल जास्त भरलं असेल तर ते ब्रीदरच्या नळीतून हवेच्या वाटेत जातं आणि ताटात येतं, लीक काहीच नसतो. तुम्ही घातलं नाही तरी लेव्हल वाढतेय आणि पट्टीला पेट्रोलचा वास येतोय, तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. मोटर सतत स्लोवर आणि थंड चालते तेव्हा हे होतं. थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय का, किंवा आधीच्या मालकाने काढूनच टाकलाय का ते बघा.

टेम्पोतून आडवी आणली आणि आता सगळीकडून तेल येतंय, मोटर खराब दिली का?

असेलच असं नाही. फोर-स्ट्रोक ठराविक बाजूवरच आडवी ठेवायची असते, बहुतेकांच्या बॉडीवर तसा स्टिकर असतो, आणि बाजू प्रत्येक कंपनीची वेगळी. चुकीच्या बाजूवर ठेवली की ऑइल सिलिंडरमध्ये आणि हवेच्या वाटेत जातं. अशी मोटर डायरेक्ट स्टार्ट करू नका, सिलिंडरमध्ये तेल भरलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. उभी करून काही तास ठेवा, प्लग काढा, प्लगच्या वायरी अर्थ करा (इंजिनच्या धातूला जोडा), दोरी हळूहळू ओढून तेल बाहेर येऊ द्या, मग लेव्हल बघून चालू करा, थोडा वेळ धूर येईल. आणि टू-स्ट्रोक असो की फोर, आडवी करायच्या आधी उभी ठेवून आतलं पाणी पूर्ण निथळू द्या.

एम-सील लावून किंवा लीक बंद करायचं औषध घालून चालेल का?

नाही. फिरत्या शाफ्टचा ओठ फाटलेला आहे, त्याला बाहेरून काही लावून थांबत नाही, आणि एम-सील लावलेला कॅरिअर काढताना बॉडी फुटते.

हंगाम चालू आहे, आज दुरुस्तीला वेळ नाही.

तेल स्वच्छ आहे, नुसतं किंचित कमी होतंय, तर दर फेरीनंतर लेव्हल बघत चार दिवस काढता येतील. दुधाळ आहे तर आजच तेल बदला, नंतर प्रत्येक दिवसाच्या शेवटी परत बघा, आणि मोटर रात्री पाण्यात बुडती ठेवू नका, वर उचलून ठेवा. किनाऱ्यापासून लांब एकट्याने जाऊ नका. घरघर आवाज येत असेल किंवा स्क्रूला तुकडे असतील तर होडी वर काढा. १ जून ते ३१ जुलैच्या ६१ दिवसांच्या मासेमारी बंदीत सगळे मेकॅनिक भरलेले असतात, म्हणून सील आणि वॉशर मे महिन्यातच मागवून ठेवा.

गिअर ऑइल कुठलं आणि भरायचं कसं?

मरीन गिअर ऑइल, बहुतेक मोटरींना ९० नंबरचं हायपॉइड, पुस्तकात लिहिलेलं असतं ते. १५ एचपीच्या आसपासच्या मोटरला पाव लिटरच्या आतबाहेर लागतं. वरून ओतू नका, आत हवा अडकते. दोन्ही स्क्रू काढून खालच्या भोकातून पंपाने किंवा ट्यूबने हळू भरत जा, वरच्या भोकातून बुडबुडे न येता तेल आलं की आधी वरचा स्क्रू लावा, मग खालची ट्यूब काढून पटकन खालचा लावा, तेवढ्यात फार तेल जात नाही.

सेकंड हँड घेताना लीक आधीच कळेल का?

मोटर बघायला जाल तेव्हा मालकाला सांगा की आदल्या दिवशीपासून उभी ठेव, आणि तुमच्यासमोर खालचा स्क्रू सैल करू द्या. नकार दिला तर मी मोटर न घेताच निघून येतो. तेल एकदम नवीन दिसलं तर अर्धा पाऊण तास पाण्यात चालवून बघा, तासभर थंड होऊ द्या, आणि परत बघा. पंखा काढून मागे तंगूस बघा. शाफ्ट वर खाली हलवून ढिलेपणा बघा. स्क्रूच्या खाचा झिजलेल्या असतील तर कोणीतरी खूप वेळा उघडलंय, का उघडलं ते विचारा.

काढलेलं जुनं तेल कुठे टाकू?

खाडीत नाही, रेतीत नाही, होडीच्या तळात साचलेलं तेलाचं पाणी पण समुद्रात उपसून टाकू नका. मालवणच्या समोरचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, त्यात प्रवाळ आहे, आणि आपल्या घरात शिजतं ते मासे त्याच पाण्यातले. जुन्या कॅनमध्ये साठवा, वापरलेलं ऑइल घेणारे गॅरेजवाले असतात त्यांच्याकडे द्या, कायद्याने पण ते धोकादायक कचऱ्यात येतं आणि परवाना असलेल्या रिसायकलवाल्याकडेच जायला हवं. दुधाळ तेल वेगळ्या कॅनमध्ये ठेवा, पाणी मिसळलेलं म्हणून बरेच जण घेत नाहीत, आधी विचारून ठेवा.

दुरुस्ती झाली हे नक्की कधी समजायचं?

प्रेशर परत धरला की निम्मं. मग पहिले दहा तास चालवा, रात्रभर उभी ठेवा आणि खालच्या स्क्रूतून चमचाभर तेल पांढऱ्या वाटीत काढून बघा. जुनं पाणी कोपऱ्यांत राहिलेलं असतं म्हणून पहिल्या वेळी किंचित धुरकट आलं तर तेल परत एकदा बदला. दुसऱ्या दहा तासांनंतर पण धुरकट असेल तर सील परत बघा, बहुतेक बसवताना ओठ दुमडलेला असतो.